डब्यात नसलेली लस

भादवा निम्मा सरला की आमच्या वरणगावात ऊन चावायला लागतं. सकाळी निळं आभाळ, दुपारी अंगाची लाही, आणि केळीच्या बागांकडून येणारी ती ओली, जड वाफ. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसावं तर घोट्यांशी डास. पाऊस पुरता गेलेला नसतो आणि थंडीचा अजून पत्ता नसतो. लोक म्हणतात, आजारी हवा. मी परिचारिका आहे, त्यामुळे मला या दिवसांत एक खोड लागली आहे. समोर कुणीही आलं की बोलता बोलता माझा हात त्याच्या कपाळाकडे जातो. भाजीवाली हसते. नवरा म्हणतो, आधी चहा दे, मग ताप बघ.

गेल्या आठवड्यात आमच्या आरोग्य केंद्रातल्या बैठकीत एका नव्या सिस्टरनं विचारलं, मलेरियाची लस निघाली म्हणतात, ती आपण कधी देणार? खोलीत एकदम गलका झाला. एकीनं ठामपणे सांगितलं, अशी लस निघालेलीच नाही. दुसरी म्हणाली, निघाली, पण मोठ्या शहरांत पैसे भरून मिळते. तिसरीची खात्री होती की बाळांना आपण जे इंजेक्शन देतो त्यातच ती मिसळलेली असते. सगळ्या शिकलेल्या, वर्षानुवर्षं हातात सुई धरणाऱ्या बायका. मी ऐकत होते आणि मला हसू आलं नाही. हाच गलका मी याआधी एकदा ऐकला होता, पिंपळनेरच्या बाजूला, अशाच एका भादव्यात. त्या वेळी उत्तराची वाट एक घर बघत होतं.

तेव्हा माझी नेमणूक पिंपळनेरच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात होती. फार जुनी गोष्ट नाही. धुळे जिल्ह्याच्या त्या टोकाला डोंगर जवळ येतात, रस्ते अरुंद होतात, आणि पावसाळ्यात प्रत्येक उतारावरून पाणी वाहत असतं. भादव्यात मका डोक्याच्या वर गेलेला असे. बांधावरून चाललं की दोन्ही बाजूंनी मक्याची पानं दंडाला ओरखडत. कांद्याची रोपं टाकलेले वाफे दुरून हिरव्या सतरंजीसारखे दिसत. ओल्या चाऱ्याचा, चुलीच्या धुराचा आणि साचलेल्या पाण्याचा मिळून एक वास त्या दिवसांना होता. आजही कुठे ओला चारा दिसला की मी त्या बांधावर जाऊन उभी राहते.

मी पूर्वेकडची, भुसावळच्या बाजूची. तिकडची बोली वेगळी, इकडची अहिराणी वेगळी. पहिले काही महिने बायका ‘दुखस’ म्हणायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. मला ती भाषा आणि ते गाव दोन्ही समजावलं रंजनानं. रंजना म्हणजे गावची आशाताई. तिचं माहेरही तेच आणि सासरही तेच, त्यामुळे कुणाच्या घरात कोण आजारी, कोण गरोदर, कोण रुसून बसलंय, हे तिला विचारावं लागत नसे. महिन्यातून एकदा आम्ही अंगणवाडीत लसीकरण सत्र घ्यायचो. बर्फाच्या पिशव्यांमधला लसींचा निळा डबा टेबलावर ठेवायचा आणि आया आपापली बाळं घेऊन रांगेनं येत.

त्या भादव्यातल्या सत्राला सविता आली होती. विशीतली, काटक, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. नवरा सुरतेला कारखान्यात. घरात सासू नव्हती, सासरे नाना आणि ती. मांडीवर पाच महिन्यांचा कान्हा, गुबगुबीत, पायात काळा दोरा. माहेरी राहिल्यामुळे त्याचा एक डोस लांबला होता, तो मी दिला. तो रडला, लगेच थांबला, आणि माझ्या पदराच्या काठाला धरून बसला. ताप आला तर काय करायचं, किती दिवस येऊ शकतो, दोन दिवसांपुढे राहिला तर मला कळवायचं, हे सगळं मी तिला सांगितलं. नेहमीसारखंच.

कान्हाला ताप आला आणि दुसऱ्या दिवशी उतरला. मग काही दिवस बरे गेले. मग पुन्हा ताप आला, या वेळी आधी ओठ निळसर झाले, अंग थरथरलं आणि मग चटका बसावा असा ताप चढला. दुसऱ्या दिवशी पोर बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सविताला कळवायचं होतं, पण नानांनी तिला थांबवलं. त्यांच्या फोनवर कुणीतरी एक चित्रफीत पाठवली होती. त्यात काळ्यासावळ्या लेकरांना दंडात, मांडीत सुया देताना दाखवलं होतं, आणि मागून एक माणूस सांगत होता की ही मलेरियाची नवी लस, तिची परीक्षा आता आदिवासी भागातल्या मुलांवर गुपचूप चालली आहे. नानांनी ती कान्हाच्या इंजेक्शनाशी आणि तापाशी जोडली आणि पारावर चार जणांना दाखवली. चाराचे चाळीस झाले.

पुढच्या सत्राला कुणी आलं नाही.

मी आणि रंजना अंगणवाडीत बसून होतो. टेबल मांडलेलं, डबा झाकलेला. बाहेर बायका पाणी भरायला जात होत्या आणि दाराकडे न बघता पुढे जात होत्या. ज्यांची बाळंतपणं रंजनानं स्वतः उभं राहून निभावून नेली होती, त्याही. दुपार कलली तशी रंजना उठली आणि म्हणाली, आपण डबा बंद करू सिस्टर, मी तुम्हाला नानांकडे घेऊन जाते. तिच्या आवाजात राग नव्हता. ती आपल्याच माणसांकडे चालली होती. वाटेत तिनं मला कान्हाचा ताप आणि ती चित्रफीत, दोन्ही सांगितलं.

नानांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. उंच, कोरडा माणूस, पांढरी टोपी, बोलणं संथ. अपमान केला नाही. मी सांगितलं की कान्हाला दिलेल्या इंजेक्शनात मलेरियाचं काही नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं,

“बाई, एक इचारस. खरं सांगजो. मलेरियानी लस ऱ्हास का?”

मलेरियाचं प्रशिक्षण मी किती वेळा घेतलं होतं. डास कुठे अंडी घालतो, रक्त कसं घ्यायचं, गोळ्या वजनाप्रमाणे कशा द्यायच्या, सगळं येत होतं. लसीबद्दल बातम्यांत कधीतरी ऐकलं होतं, आणि पुढे काही वाचलं नव्हतं. ‘नसते’ म्हणणं सोपं होतं. त्यांनी चित्रफीत बघितली होती, मी बघितली नव्हती.

“नाना, मला पक्कं माहीत नाही,” मी म्हटलं. “विचारून येते आणि तुम्हाला सांगते.”

“तुलेच माहीत नही, मंग तुना डबामा काय शे, हाई आम्हले कसं माहीत व्हई?”

मी फक्त एवढी विनंती केली की कान्हाच्या रक्ताची तपासणी करू द्या, बोटाला एक टोचणी, थेंबभर रक्त, बाकी काही नाही. नाना म्हणाले, आता टोचणं नको. आतल्या दारात सविता उभी होती. कान्हा तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हाचे गाल आता नव्हते.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात बैठक होती. मी नानांचा प्रश्न तिथे मांडला. आणि तो गलका सुरू झाला. कुणी म्हणालं लस आहे, कुणी म्हणालं अफवा आहे. फवारणीची कामं बघणारे एक आरोग्य सेवक वैतागून म्हणाले की लस आली तर लोक मच्छरदाणी गुंडाळून ठेवतील आणि आमची सगळी मेहनत वाया जाईल. कुसुमताई आमच्यात सर्वांत ज्येष्ठ, हाताला यश असलेल्या, पण कुठल्याशा पाड्यावर लोकांनी त्यांना घेराव घातला होता, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आली तरी मी पहिल्या वर्षी देणार नाही, पोराला शिंक आली तरी दगड आपल्या अंगावर येतात. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. प्रत्येकीनं मनात कुठेतरी तेच म्हटलं असणार.

आमचे डॉक्टर नुकतेच धुळ्याहून रुजू झालेले, अंगानं बारीक, बोलायला भिडस्त. ते सगळं ऐकून म्हणाले, लस आहे एवढं मला माहीत आहे, पण कुणाला, किती, आपल्याकडे का नाही, हे मी वाचल्याशिवाय सांगणार नाही. मला थोडा वेळ द्या. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की लसीचं उत्तर थांबू शकतं, ते बाळ थांबू शकत नाही, तुम्ही त्या घरी जाणं सोडू नका.

मी सोडलं नाही. पुढचे दिवस रोज, इतर कामं उरकून, मी त्या घरी जात होते. कधी नाना शेतात असत, तर सविताशी उंबऱ्यावर बोलायचं. कधी नाना असत, तर त्यांच्याशी कांद्याच्या रोपांबद्दल बोलायचं. दर वेळी मी तपासणीचं विचारायचे, दर वेळी ते मान हलवायचे, आणि दर वेळी मी उद्या येते म्हणायचे. रंजना एकदा वाटेत म्हणाली की लोक तुम्हाला हट्टी म्हणायला लागलेत. मी म्हटलं, म्हणू देत. मनातून मात्र मी घाबरलेली होते. त्या घराच्या मागे दगडी हौद होता, त्यात गुरांसाठी पाणी साठवलेलं, आणि पाण्याच्या वरच्या थरात डासांच्या अळ्या वळवळताना मला उघड्या डोळ्यांनी दिसत होत्या.

एका दुपारी गेले तर ओसरीवर खाटेवर दोन गोधड्यांचा ढीग दिसला. बाहेर भाजून काढणारं ऊन, आणि तो ढीग थरथरत होता. नाना होते. दातावर दात वाजत होते, बोलता येत नव्हतं. सविता जवळ उभी होती, कडेवर कान्हा, त्याचंही अंग तापलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. त्या घरात ती त्यांच्यासमोर मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. पदर पुढे ओढून, खाली बघत, पण स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

“नाना, तुमले तं कोणीच सुई दिधी नही.”

खाट करकरत होती. मग गोधडीखालून एक हात बाहेर आला. मोठा, भेगाळलेला, मातीनं रापलेला हात. नानांनी बोट माझ्यापुढे धरलं.

मी रक्त घेतलं, किटवर टाकलं, आणि तिघं त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिलो. मलेरियाची रेघ उमटली. मग सवितानं न विचारता कान्हाचा पाय पुढे केला. तीच रेघ. एकाच हौदावरचे डास दोघांनाही चावले होते. माझी सुई आणि कान्हाचा ताप एका पंधरवड्यात आले, एवढाच त्यांचा संबंध होता. हे मी कितीही वेळा सांगितलं असतं तरी जेवढं पटलं नसतं, तेवढं सविताच्या एका वाक्यानं पटलं होतं.

नानांना गोळ्या तिथेच सुरू केल्या. रक्त कमी होऊन कान्हाचे तळवे पांढरे पडले होते, म्हणून त्याला पिंपळनेरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गावातल्या एकाच्या टेम्पोत पुढे सविता आणि मी बसलो. मक्याच्या शेतांमधून तो रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता. सविता पोराच्या छातीवर हात ठेवून होती, आणि तिच्या हाताकडे बघत मीही त्या छातीचं वर-खाली होणं बघत होते. तो वाचला. सहज लिहिते आहे, पण दवाखान्यातले पहिले दिवस सहज गेले नाहीत. दूध ओढत नव्हता, रडण्यात जोर नव्हता. मग एका सकाळी मी भेटायला गेले तर त्यानं माझा पदर पकडला आणि तोंडात घातला. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

डॉक्टरांनी शब्द पाळला. पुढच्या बैठकीत त्यांनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं. मलेरियाची लस खरोखर आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत ती लहान बाळांना देतात, साधारण कान्हाच्याच वयापासून, चार डोस. तिथे या तापानं पुष्कळ मुलं दगावतात. ती पूर्ण संरक्षण देत नाही, घेतली तरी मच्छरदाणी सुटत नाही. मलेरियाच्या एका जातीवर ती चालते, आणि कान्हाला झाला तो दुसऱ्या जातीचा, त्याला ती थांबवू शकली नसती. आपल्या कार्यक्रमात ती नाही. कुणाला गुपचूप दिली जात नाही. आणि त्यातली एक लस पुण्यातच बनते.

शेवटचं वाक्य ऐकून सगळ्या खुर्चीत सरळ झाल्या. कुसुमताईंनी बरेच प्रश्न विचारले. ताप किती येतो, कुठल्या बाळाला देऊ नये, चार डोससाठी आया परत येतील का. शेवटी त्या म्हणाल्या, माझी भीती गेलेली नाही, पण आता कशाला भ्यायचं ते तरी कळतंय. मला त्या दिवशी जाणवलं की आपण लस देणाऱ्या बायका जे डब्यात असतं तेवढंच शिकतो. लोक मात्र डब्यात नसलेल्याबद्दलही विचारतात, आणि आपण त्यावर अडखळलो की डब्यातल्यावरही त्यांचा विश्वास उरत नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, पण दुसऱ्या भेटीला उत्तर घेऊनच जायचं.

नानांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. त्यांचा ताप उतरला होता, अशक्तपणा होता; दवाखान्यातून घरी आलेला कान्हा त्यांच्या मांडीवर होता. रंजनानं पोरांना हाताशी धरून हौद घासून कोरडा केला होता आणि उन्हात उघडा ठेवला होता. मी जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पुण्याचं ऐकताच ते उठून बसले.

“पुणामा बनस, नि आमना पोऱ्यास्ले नही?”

हा प्रश्न मला येणार हे माहीत होतं. मी कारणं सांगितली, आपल्याकडची जात वेगळी, तिकडे मुलं फार मरतात, सरकार ठरवतं. सांगता सांगता मलाच जाणवत होतं की नातवाच्या पांढऱ्या तळव्यांवरून बोटं फिरवणाऱ्या माणसाला ही कारणं पुरी पडणारी नाहीत. त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. या तापाला आपल्या मातीत उपयोगी पडणारी लस हवी असं मलाही वाटतं, आणि ते मी त्यांना सांगितलं. मग ते म्हणाले की तू माहीत नाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं तू परत येणार नाहीस. तेवढं बोलून त्यांनी आतून चहा मागवला.

पुढच्या सत्राला नाना अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसले. कुणाला भाषण दिलं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला स्वतःच्या तापाची गोष्ट सांगत राहिले. पहिल्यांदा थोड्याच आया आल्या, नंतरच्या महिन्यात जास्त. एक घर शेवटपर्यंत आलं नाही. त्या घरी मी बदली होईपर्यंत जात होते, आणि माझ्या जागी आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी तेच दार दाखवून आले.

आता वरणगावात बसून मी जेव्हा कुणाला मलेरियाची लस आहे की नाही यावर वाद घालताना ऐकते, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगते. मधल्या काळात काही बदललं का तेही वाचून घेते. माझ्या हाताखालच्या मुली कुरकुरतात की जी लस आपण देतच नाही ती कशाला शिकायची. मी त्यांना शिकवतेच. उद्या एखादी चांगली लस आलीच, आपल्याकडच्या तापावर चालणारी, तर तिच्याबद्दल पहिला विश्वास किंवा पहिली शंका आमच्याच तोंडून गावात जाणार आहे. ती शंका अडाणीपणातून जाऊ नये, एवढं माझ्या हातात आहे आणि तेवढं मी करणार आहे.

त्या भादव्यापुढच्या संक्रांतीनंतर पिंपळनेरकडच्याच एका सत्राला सविता कान्हाला घेऊन गोवराच्या डोससाठी आली होती. तो पुन्हा गुबगुबीत झाला होता, दोन दात आले होते. इंजेक्शन भरताना तिनं विचारलं, यात मलेरियाची आहे का? मी नाही म्हटलं, ही गोवराची आणि रुबेलाची. तिनं मान हलवली. मग म्हणाली की मलेरियाची चांगली लस येईल तेव्हा पहिला नंबर याचा लावा. मी हसून म्हटलं, बाई, ती येईस्तोवर तुझा कान्हा बाप्या होईल.

ती हसली नाही. पोराचा दंड माझ्यापुढे घट्ट धरत म्हणाली,

“मंग याना पोऱ्याले देजो.”

याच्या पोराला देईन, म्हटलं मी, आणि सुई टोचली.